नथीच्या खडसासाठी सूत

माघ वद्य पक्षात शिळाडोहातील नथीच्या खडस माशाने अन्न सोडले, ही गोष्ट प्रथम नारायणशास्त्री यांच्या ध्यानात आली. वाईच्या वरच्या अंगाला कोसभरावर कृष्णामाई एका काळ्या शिळेला वळसा घालते आणि तिथेच खोल होते. शिवालयाच्या पायऱ्या थेट त्या पाण्यात उतरतात. डोहातील मासे देवाचे. त्यांना कोणी धरीत नाही. शास्त्रीबोवा गेली बावीस वर्षे प्रातःसंध्या आटोपून तिथे जात आणि कणकेच्या गोळ्या पाण्यात सोडीत. आठ-नऊ मोठे खडस नित्य वर येत. दीड-दीड हात लांबीचे, सोनेरी खवल्यांचे ते मासे एकमेकांसारखे इतके होते की बावीस वर्षांच्या परिचयानेही त्यांत भेद करता येत नसे. एकच तेवढा ओळखू येई, कारण त्याच्या वरच्या ओठात नथ होती.

ती नथ शास्त्रीबोवांच्या नवसाची होती. त्यांची कन्या शरयू सांगलीला दिलेली. तिची पहिली दोन मुले वर्षाच्या आत गेली. तिसऱ्या खेपेस, ज्या गोष्टींना ते आजवर हसत आले त्यांतलीच एक शास्त्रीबोवांनी केली, आणि डोहाच्या काठी उभे राहून माशाला नथ बोलले. मुलगा झाला आणि जगला. नवस फेडण्याची तिथली रीत अशी : चैत्रात पाणी उतरले की गुरव आणि भोई मिळून एखादा खडस धोतराच्या झोळीत घेतात, त्याच्या ओठात बारीक सोन्याची तार ओवतात आणि त्याला सोडून देतात. सोने मऊ, आठ-दहा महिन्यांत तार आपोआप उकलते, पाण्यात पडते आणि मासा मोकळा होतो.

हे पडणे शास्त्रीबोवांच्या मनाला रुचले नाही. बाळ पाच वर्षांचे होईतो नथ टिकली पाहिजे, असे त्यांनी ठरविले. त्यांनी तांब्याची भर घातलेली जाड तार करविली आणि तिची टोके सोनाराकडून एकमेकांत पिळून बंद करविली. गुरवाने कुरकुर केली. अशी नथ कधी घालीत नाहीत, म्हणाला. शास्त्रीबोवांनी त्याला आधार विचारला. बिचाऱ्यापाशी आधार कुठला असणार? त्याने झोळी धरली आणि तार शास्त्रीबोवांनीच ओठात ओवली.

आता अकराव्या महिन्यात त्या न उकलणाऱ्या नथीत कुठल्याशा फाटक्या जाळ्याचा तुकडा अडकला होता. त्यात शेवाळ आणि मुळे गुंतून बोराएवढी गाठ झाली होती आणि ती माशाच्या तोंडाशीच बसली होती. खडस गोळीपाशी येई, तोंड अर्धेमुर्धे उघडी, गोळी बाहेरच्या बाहेर ढळे आणि दुसरा मासा ती गिळी. दर आठवड्याला त्याची पाठ अधिक धारदार दिसू लागली. शास्त्रीबोवांच्या घशाखालीही घास नीट उतरेना. माशाचा आणि सांगलीच्या बाळाचा काही संबंध नाही, हे ते स्वतःला युक्तीने पटवून देत. आणि पहाटे जाग आली की ती युक्ती आठवत नसे.

भोयांनी दोनदा जाळे टाकून पाहिले. खडस शिळेखालच्या कपारीत शिरला आणि जाळे मात्र फाटले. तेव्हा गुरव म्हणाला, पलीकडच्या मळ्यात जमादार राहतात, त्यांच्याकडे साहेबाच्या गळाच्या काठ्या आहेत, त्यांना विचारावे.

जमादार आकाराम मूळचे कुंडलचे. महायुद्धात ब्रह्मदेशापर्यंत जाऊन आलेले. मेव्हणा अजून पलटणीत असल्यामुळे सासुरवाडीचा ऊस राखायला ते इथे येऊन राहिले होते. त्यांच्या पलटणीचा साहेब मायदेशी परतताना दोन काठ्या आणि दोन रिळे त्यांना देऊन गेला होता. शास्त्रीबोवांनी सारी हकीकत सांगितली. नथ कशी पिळली, ते मात्र सांगितले नाही. जमादारांनी दोन्ही काठ्या सोप्यात आडव्या मांडल्या. एक लांब आणि ताठ, बांबूच्या सहा कामट्या चिकटवून केलेली. तिचे रीळ पितळी, नारळाएवढे, हाताने फिरणारे. दुसरी आखूड, छडीसारखी लवचीक. तिचे रीळ मुठीएवढे आणि विचित्र. त्याचे चाक फिरतच नसे. सूत चाकाच्या काठावरून वळसे सोडीत निघून जाई, आणि माशाने फार जोर केला की एका पेचातून ते आपोआप सुटे.

काठ्या उत्तम होत्या. सूत तेवढे उरले नव्हते. दोन पावसाळे पेटीत पडून ते कुजले होते. जमादारांनी ते बोटांनी ओढले आणि ते शेवयीसारखे तुटले. मग त्यांनी समजावून सांगितले की सूत काठीला आणि रिळाला शोभेल असेच लागते. मोठ्या रिळावर जाड आणि गोल विणीचे, शंभर हात. लहान रिळावर बारीक आणि गुळगुळीत, साठ हात. तिथे जाड सूत काठावरच अडते. मासा अर्धे तोंड उघडतो, म्हणजे गोळी हरभऱ्याएवढी, गळ तेवढाच आणि सूत त्याहून नाजूक. काम लहान काठीचेच. पण मोठी हाताशी असावी, मासा कपारीकडे धावला तर. साहेब अशा वेळी टोकाला रेशमाच्या किड्याच्या पोटातून ओढलेली तार बांधीत असे. ती पाण्यात दिसत नाही.

किड्याच्या पोटातली तार देवाच्या माशाच्या तोंडी चालणार नाही, असे शास्त्रीबोवांनी स्पष्ट सांगितले. सुताची दोरी ओवळी. घोड्याच्या शेपटीचे केस तर नकोतच. रेशीम मात्र चालेल; रेशमाला विटाळ नाही.

जमादारांनी मिशीवरून हात फिरविला. “आवं शास्त्रीबुवा, रेशीमबी त्याच किड्याचं की.”

शास्त्रीबोवांनी अंगावरचे उपरणे सावरले. ते रेशमीच होते.

रेशमाचा गोफ विणणारा पटवेकरी सांगलीत चांगला होता. जमादारांनी एका कागदाच्या पुडीत दोन दोऱ्यांचे नमुने बांधून दिले, एक जाड आणि एक बारीक, आणि दोन्ही तंतोतंत असेच करून आणा, असे दोनदा बजावले. शास्त्रीबोवा वाठारला आगगाडीत बसले. युद्ध संपले होते तरी डब्यात उभे राहायला जागा नव्हती. ते मिरजेपर्यंत पुडी हातात धरून होते.

गुंडापा पटवेकरी पेठेत एका ओट्यावर बसे. पायाच्या अंगठ्याला रेशमाची टोके अडकवून तो ठुश्या आणि पुतळ्यांच्या माळा गाठवीत असे. त्याने नमुने पाहिले आणि सांगितले की चांगले रेशीम लढाईपासून मिळत नाही. घरात आहे त्यात दोन्ही दोऱ्या जेमतेम होतील. शास्त्रीबोवांनी बारीक नमुना बोटांवर घेतला. तो त्यांना कोळ्याच्या जाळ्यासारखा वाटला. दीड हाताचा मासा आणि हा धागा! जमादार शिपाई गडी, त्यांनी खेळ म्हणून मासे धरलेले. इथे खेळ नव्हता. त्यांनी बारीक नमुना पुडीत परत ठेवला आणि साऱ्या रेशमाची एकच जाड दोरी विणायला सांगितली, अधिक बळकट, मेण चोळून.

पटवेकऱ्याने मान वर केली. “दोन सांगिटल्यात नव्हं? मागनं म्हनू नका.”

शास्त्रीबोवा म्हणाले की मागाहून काही म्हणणार नाही.

दोरी होईपर्यंत तीन दिवस ते शरयूकडे राहिले. इतक्या लांबून येण्याचे कारण त्यांनी नातवाची ओढ असे सांगितले आणि ते खोटेही नव्हते. पोर रांगत येऊन त्यांच्या पोथीची दोरी चघळी. शरयूने पहिल्याच संध्याकाळी विचारले, “अण्णा, आपला मासा येतो ना रोज?” येतो, असे ते म्हणाले. तेही खोटे नव्हते. खातो का, असे तिने विचारले नाही, आणि त्यांनी सांगितले नाही. तिसऱ्या दिवशी बाळाला थोडा ताप आला. उष्णतेचा असेल, शरयू म्हणाली. शास्त्रीबोवांनी रात्रभर कूस बदलली आणि सकाळी दोरी घेऊन पहिली गाडी गाठली.

जमादारांनी ती पिवळी, मेणाने चकाकणारी दोरी हातात घेतली. मग पुडी मागितली. पुडीत बारीक नमुना तसाच होता. तो बाहेर काढून त्यांनी दोरीशेजारी धरला.

“तुमाला समदं घट्ट लागतंय बगा,” ते एवढेच म्हणाले.

पहिले चार दिवस त्या दोरीने दोघांचा अंत पाहिला. लहान रिळावर ती वीस हातांतच भरली आणि फेकली की रिळाच्या काठाला धरून बसे. गोळी जमादारांच्या पायांशीच पडे. मोठ्या रिळावर ती छान बसली आणि छान फेकली जाई, पण फाल्गुनातले पाणी आरशासारखे स्वच्छ. पिवळा दोर पाण्यावर उतरला की सारे खडस एकदम दूर सरत आणि शिळेच्या सावलीत जाऊन उभे राहत. हरभऱ्याएवढ्या गळाच्या शेवटी ती दोरी, म्हणजे सुईत चऱ्हाट ओवावे तशी दिसे. शास्त्रीबोवांनी सुचविले की दोरी काजळीत घोळून काळी करावी. केली. काळा दोर पिवळ्याहून अधिक दिसला. मग त्यांनी टोकाचे पदर उकलून तिथेच ती बारीक करावी असे सुचविले. उकललेले पदर पाण्यात फुगले आणि गळाभोवती पिंजारले. दरम्यान नथीचा खडस आता गोळीपाशी येणेही सोडू लागला होता. तो पायऱ्यांच्या कडेला, उथळात, एका जागी थबकून राही.

पाचव्या दिवशी शास्त्रीबोवांचा तोल गेला. इतकी वर्षे साहेबाच्या हाताखाली राहून जमादारांना एक मासा धरता येत नाही, असे ते बोलून गेले. जमादारांनी काठी पायरीवर ठेवली. ते रागावले नाहीत. त्यांचा आवाज उलट खाली आला.

“शास्त्रीबुवा, चूक काठीची न्हाई आन् माझीबी न्हाई. गुरवानं मला सांगिटलंय समदं. नथ पिळून घट्ट केली तुमी. दोरीबी तशीच केली. मासा काय बैल हाय व्हय, दावं लावून ओढाया?”

शास्त्रीबोवा खालच्या पायरीवर बसले. पाणी त्यांच्या धोतराच्या सोग्याला लागले तरी त्यांनी तो वर घेतला नाही. आता उपाय काय, असे त्यांनी विचारले.

जमादारांपाशी आणखी एक सूत होते. नको म्हणाल म्हणून दाखविले नाही, असे ते म्हणाले. ब्रह्मदेशात अमेरिकनांच्या कोठारातून मिळालेली नायलॉनची गुंडाळी. काचेसारखी, पाण्यात धरली की नाहीशी होई. ती कशाची करतात, हे शास्त्रीबोवांनी विचारलेच. कोळशाची, असे साहेब सांगत असे. कोळसा, पाणी आणि हवा. शास्त्रीबोवांनी विचार केला. कोळसा अग्नीतून गेलेला, पाणी आणि वायू स्वतः शुद्ध. पण हे सारे आपण माशासाठी जुळवीत नसून स्वतःच्या समाधानासाठी जुळवीत आहो, हे त्यांना या वेळी उमगले. चालेल, ते म्हणाले. किड्याच्या पोटातली असती तरी चालली असती.

तरीही एक चूक व्हायची राहिली होतीच. एवढ्या बारीक तारेला निदान मोठ्या काठीचे बळ द्यावे, असा त्यांनी आग्रह धरला. जमादार थकले होते. त्यांनी तार पितळी रिळावर गुंडाळली. पहिल्याच फेकीला ती स्प्रिंगसारखी उसळली, वेढे एकमेकांत घुसले आणि रिळावर चिमणीच्या घरट्यासारखा गुंता झाला. दोघांनी मिळून तो सोडविला. शास्त्रीबोवांची दृष्टी अंधुक, जमादारांची बोटे जाड. उन्हे शिळेवरून उतरून पाण्यात आली तेव्हा शेवटचा वेढा सुटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नायलॉन लहान रिळावर चढले. ते तिथे असे बसले की जणू त्याच्याचसाठी ते चाक केले होते. जमादारांनी कानशीने गळाची उलटी अणी घासून गुळगुळीत केली होती, म्हणजे निघताना ओठ फाटायला नको. हरभऱ्याएवढी गोळी निघाली, वळसे सुटत गेले आणि नथीच्या खडसापुढे हातभर अंतरावर ती पाण्यात बुडाली. मासे सरकले नाहीत. खडस पुढे झाला. गाठीच्या बाजूने, तोंडाच्या मोकळ्या कोपऱ्यातून त्याने ती ओढून घेतली.

काठी वाकली आणि रीळ बारीक आवाज करीत सूत सोडू लागले. मासा कपारीकडे निघाला. शास्त्रीबोवांच्या तोंडून निघून गेले की ओढा, धरा. जमादारांनी ओढले नाही. त्यांनी फक्त काठी एका अंगाला कलती केली, आणि सूत जात राहिले. कपारीच्या तोंडाशी मासा थांबला. जणू मागून कोणी ओढत नाही याचे त्यालाच नवल वाटले. मग जमादारांनी चार वेढे घेतले. मासा पुन्हा गेला, त्यांनी पुन्हा जाऊ दिला. असे किती वेळ चालले याचे भान राहिले नाही. शास्त्रीबोवांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून घेतले होते, कारण पुढे असते तर ते काठीला लागले असते.

अखेर खडस पायरीशी आला आणि कुशीवर झाला. जमादारांनी त्याला ओल्या धोतराच्या झोळीत पाण्यातच धरला. सोनाराची कातर शास्त्रीबोवांपाशी होती. तार त्यांनीच घातली होती; कापायचीही त्यांनाच. पहिल्या दाबाला तार कापली गेली नाही, तिचे तांबे कातरीला सरकवीत होते. दुसऱ्या दाबालाही नाही. माशाचा डोळा वर, त्यांच्याकडे. तिसऱ्या वेळी त्यांनी दोन्ही हातांनी कातर दाबली आणि नथ तुटली. गाठ, शेवाळ, जाळ्याचा तुकडा सारे एकदम हाती आले. ओठावर पांढुरकी जखम होती. जमादारांनी गळ काढला आणि मासा प्रवाहाकडे तोंड करून धरला. शास्त्रीबोवांनी त्याच्या पोटाखाली हात दिला. तो बराच वेळ हलला नाही. मग शेपटी एकदा फिरली आणि त्यांचा हात रिकामा झाला.

जगेल का, असे त्यांनी विचारले.

“दोन-चार दिसांत खाल्लं तर जगंल,” जमादार म्हणाले. “न्हाई खाल्लं तर न्हाई.”

दुसऱ्या सकाळी शास्त्रीबोवा गोळ्या घेऊन पायरीवर उभे राहिले आणि तेव्हा त्यांना कळले की नथीबरोबर ओळखही गेली. खडस वर आले. दीड-दीड हातांचे, सोनेरी खवल्यांचे, सारे खाणारे. जखम पाहावी तर ओठ वर येऊन क्षणात मिटत. पाठ पाहावी तर पाणी हलत होते. ते मोजू लागले; सात भरले. पुन्हा मोजले तर आठ. तिसऱ्या दिवशी सहा, आणि एक शिळेच्या सावलीत होता की ती सावलीच होती, हे ठरेना. जमादारांना बोलावून मोजावयास लावले. ते म्हणाले आठ, मग म्हणाले नऊ, मग म्हणाले की पलटण उभी केल्याशिवाय हे मोजता येणार नाही. खालच्या अंगाला प्रवाहात मेलेला मासा कोणाला दिसला नव्हता. पण प्रवाह थांबत नव्हता, आणि खाली मगरी होत्या, घारी होत्या.

चैत्रात शरयू बाळाला घेऊन माहेरी आली. ताप कधीच उतरला होता. पोर आता धरून उभे राही. दुसऱ्याच दिवशी तिने कणीक मळली आणि डोहावर जाऊ म्हणाली. वाटेत शास्त्रीबोवा तीनदा बोलायला थांबले आणि तीनदा पुढे चालू लागले.

गोळ्या पडताच मासे आले. बाळाने हात पुढे केले. शरयू वाकून पाहत होती.

“आपला कोणता, अण्णा?”

“नथ मी कापली,” शास्त्रीबोवा म्हणाले. मग त्यांनी सारे सांगितले : तांब्याची भर, गाठ, उपास, सांगलीला येण्याचे खरे कारण, जाड दोरी. काही गाळले नाही. “आता आपला कोणता, ते मला ओळखता येत नाही.”

“म्हणजे जगला की नाही, हे तुम्हालाही माहीत नाही.”

“नाही.”

“आणि तुम्ही माझ्या घरी तीन दिवस बसून हे पोटात ठेवलंत.”

“हो.”

तिने बाळाला पायरीवर बसविले आणि त्याच्या कमरेभोवती हात टाकला. ती स्वतःही शेजारी बसली. शास्त्रीबोवांना वाटले, ती उठून निघून जाईल; ती गेली असती तर त्यांनी तिला थांबविले नसते. मासे गोळ्यांवर तुटून पडत होते, पाणी उकळल्यासारखे होत होते आणि पोर प्रत्येक उसळीला अंग झाडून हसत होते.

“मग सगळ्यांना घाला,” शरयू म्हणाली. तिचा आवाज अजून रागाचाच होता.

ताटातली कणीक पाहता पाहता संपली. मासे काठाशी तोंडे वर करून घोटाळत राहिले. शरयूने रिकामे ताट वडिलांकडे सरकविले, गुरवाकडून पीठ घेऊन आणखी मळून आणा म्हणाली, आणि शास्त्रीबोवा ताट घेऊन पायऱ्या चढू लागले.